धागा: घराला आग लागली, सगळी कागदपत्रं जळाली. सुरुवात कुठून करू?

नदीकाठ (९ जून, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी. इथे मी बरीच वर्षं वाचते, लिहिते क्वचित. आज मदत हवी आहे.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घराला शुक्रवारी पहाटे आग लागली. जुनं माळवदाचं घर, तुळया, कड्या सगळं लाकडी. फ्रीजच्या मागच्या वायरीपासून सुरू झालं असं बंबावरचे लोक म्हणाले. आई, अण्णा आणि धाकटी बहीण अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. अण्णांनी जळतं दार ढकललं, त्यात दोन्ही तळवे भाजले. बाकी तिघंही सुखरूप आहेत. शेजारच्या पोरांनी गॅसची टाकी ओढून बाहेर काढली, त्यांचे उपकार कधी फिटायचे नाहीत. मी पुण्याहून पोचले तेव्हा माळवद खाली बसलेलं होतं आणि राखेतून अजून वाफ निघत होती.

कागदपत्रं मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होती. आम्हाला आशा होती की कपाट लोखंडी आहे, आतलं वाचलं असेल. तिसऱ्या दिवशी पहारीने उघडलं. वरच्या खणात काळ्या पापुद्र्यांची चळत होती. आश्चर्य म्हणजे अक्षरं दिसत होती, काळ्यावर काळी, चकाकणारी. आजोबांच्या खरेदीखतावरचा गोल शिक्का मी वाचू शकले. बोट लावलं आणि भुगा झाला. बहिणीची दहावीची मार्कलिस्ट लॅमिनेट केलेली होती. तिचं प्लास्टिक वितळलं आणि त्यात जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आईचं पॅनकार्ड असं सगळं चिकटून एक काळा गोळा झालाय.

काय काय गेलं: तिघांची आधार कार्डं, पॅन, मतदान कार्डं, रेशनकार्ड, अण्णांचं लायसन आणि गाडीचं आरसी, पासबुकं, ठेवींच्या पावत्या, विम्याच्या दोन पॉलिसी, घराची कागदपत्रं, बहिणीचे सगळे दाखले. अण्णांचा मोबाईलही जळाला आणि सगळीकडे त्यांचाच नंबर जोडलेला आहे. आईकडे फोन नाही.

बहीण यंदा बारावी झाली. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला ओबीसीतून अर्ज करायचाय, कागदपत्रं तपासणी तोंडावर आहे. ती दोन दिवस काही बोलत नव्हती. काल रात्री एवढंच म्हणाली, "ताई, मी दहावी पास झाले होते हे आता कसं दाखवायचं?"

सध्या सगळे मावशीकडे आहेत. मी आठ दिवसांची रजा टाकली आहे. आधी काय करू, मग काय करू, कृपया सांगा.

कातळफूल (१० जून, सकाळी ६:१५)

वाचून काळजात चर्र झालं. माणसं वाचली हे फार मोठं. अण्णांच्या हातांकडे आधी बघा, कागद नंतर. माझे यजमान भाजले होते तेव्हा पट्टी बदलायला टाळाटाळ झाली आणि जखम चिघळली.

जुना सातबारा (१० जून, सकाळी ७:०५)

ताई, मी महसूल खात्यात ३४ वर्षं काढली, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आगीचे पंचनामे पुष्कळ केले. माझं ऐका, आज पहिलं काम पंचनाम्याचं.

तीन ठिकाणचे तीन कागद लागतील. अग्निशमन दलाचा दाखला नगरपरिषदेत अर्ज केल्यावर मिळतो. दुसरा पोलिसांचा. जाळपोळीचा संशय नसेल तर गुन्हा दाखल होत नाही, 'अकस्मात जळीत' अशी नोंद होते. त्या नोंदीचा क्रमांक आणि पंचनाम्याची नक्कल घ्या. तिसरा महसुलाचा पंचनामा, तो तलाठी करतात. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तलाठीच विचारा.

खरी मेख पुढे आहे. पंचनाम्यात बहुतेक वेळा 'संसारोपयोगी साहित्य, कपडे, धान्य व महत्त्वाची कागदपत्रे जळून खाक' असं एका ओळीत लिहून मोकळे होतात. त्या ओळीचा तुम्हाला पुढे काडीचा उपयोग नाही. प्रत्येक कागदाचं नाव त्यात आलं पाहिजे: कोणाचं, कुठल्या कार्यालयाचं, साधारण कुठल्या सालचं. क्रमांक माहीत असेल तर क्रमांक. आज सकाळी आई-अण्णांना घेऊन बसा, खणाखणाने आठवा आणि स्वच्छ अक्षरात यादी करा. यादी तलाठ्यांच्या हातात द्या आणि 'सोबतच्या यादीप्रमाणे' असा उल्लेख करून ती पंचनाम्याला जोडायला सांगा. माणूस घाईत असतो, तयार यादी दिली की तोही नाही म्हणत नाही. पंचांच्या सह्या यादीच्या पानावरही घ्या. पंचनामा होऊन गेला असेल तर पुरवणी जबाब देता येतो, तोही आजच द्या.

तोवर राख-माती उचलू नका. चारही कोपऱ्यांतून फोटो काढा, उघडलेल्या कपाटाचा वेगळा काढा. तो काळा गोळा टाकू नका, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. जळाल्याचा तोच पुरावा आहे.

मदतीचंही सांगतो. आपत्ती निधीतून मदत देण्यासाठी ज्या आपत्ती धरल्या आहेत त्यांत आग आहे. २०२२ ते २६ च्या निकषांत कपड्यांसाठी कुटुंबाला २,५०० आणि भांडीकुंडी-घरसामानासाठी २,५०० रुपये आहेत. सपाट भागात घर पूर्ण उद्ध्वस्त झालं असेल तर १ लाख २० हजार. सगळं पंचनाम्यावर अवलंबून असतं. 'अंशतः' लिहिलं की रक्कम एकदम खाली येते. माळवद बसलंय म्हणता, तर शब्द काय वापरलाय ते सही करण्याआधी वाचा. अर्ज तहसील कार्यालयात द्या.

नदीकाठ (१० जून, दुपारी २:३०)

काका, तुमचे आभार कसे मानू. पंचनामा शनिवारीच झाला होता आणि अगदी तुम्ही म्हणालात तीच एक ओळ होती. आता यादीसकट पुरवणी जबाब दिला. एकतीस कागद निघाले. आईला तर माझ्या बारशाच्या वेळी काढलेला जन्मदाखला कुठल्या पिशवीत होता तेही आठवलं.

आता अडकले आहे सिमकार्डापाशी. सिमच्या दुकानात आधार मागतात, आधारसाठी ओटीपी लागतो, ओटीपी त्या जळालेल्या सिमवर. अण्णांच्या दोन्ही हातांना पट्ट्या, अंगठा लागत नाही.

टॉवरखाली (१० जून, दुपारी ३:१०)

माझं मोबाईलचं दुकान आहे, हा घोळ आठवड्यातून एकदा तरी येतो. अण्णांसाठी उलट्या बाजूने जा. आधी आधार सेवा केंद्र, मग सिम. तिथे बोटं चालत नसतील तर डोळ्यांची बुबुळं स्कॅन करून ओळख पटवतात. क्रमांक माहीत असला तर ई-आधारची प्रिंट तिथेच मिळते. क्रमांकही आठवत नसेल तरी बायोमेट्रिक देऊन शोधता येतो. १९४७ वर फोन करून विचारून घ्या. ती प्रिंट घेऊन सिम कंपनीच्या स्वतःच्या गॅलरीत जा, माझ्यासारख्या कोपऱ्यावरच्या दुकानात नको. तिथे अंगठ्याशिवाय, मूळ कागद आणि माणसाचा फोटो घेऊन डुप्लिकेट सिम देतात. सिम अण्णांच्या नावावर आहे ना? आजोबांच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या नावावर निघालं तर वेगळी कथा.

आणखी एक. नवीन सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. सिम बदलून फसवणूक होऊ नये म्हणून दूरसंचार खात्याने तसा नियम केलाय. ओटीपी येत नाही म्हणून लोक घाबरून परत दुकानात येतात. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा.

शेवंती (१० जून, दुपारी ४:००)

आधार क्रमांक कुठे मिळेल म्हणाल तर आठवा, झेरॉक्स कुठे कुठे दिल्या होत्या. आमच्याकडे पुरात कागद गेले होते तेव्हा गॅस एजन्सीच्या फाइलमध्ये आम्हा दोघांचं आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स सापडली. विमा एजंटाकडे पॅन होतं. मुलाच्या शाळेत जातीचा दाखला होता. भाच्याच्या व्हॉट्सॲपवर तीन वर्षांपूर्वी पाठवलेला पासबुकाचा फोटो निघाला. झेरॉक्स मूळ कागद नसतो हे खरं, पण तिच्यावर क्रमांक असतो, आणि क्रमांक मिळाला की निम्मं काम झालं.

नदीकाठ (१० जून, रात्री ९:२०)

शेवंतीताई, अगदी डोळे उघडलेत. आज संध्याकाळी तिघींनी मिळून दुसरी यादी केली, 'कोणाकडे आपलं काय असेल' अशी. आईने सुरुवात केली ती रेशन दुकानदारापासून.

निळीशाई (१० जून, रात्री १०:०५)

एवढं सगळं कशाला? डिजिलॉकर (सरकारचं कागदपत्रांचं ॲप) उघडा, सगळं तिथे मिळतं. मी तर मूळ कागद बघितलेच नाहीत किती वर्षांत.

पायरीवरची (१० जून, रात्री १०:५०)

निळीशाई, अर्धवट माहितीने लोक अडकतात म्हणून स्पष्ट लिहिते. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. डिजिलॉकरमध्ये दोन कप्पे असतात. एका कप्प्यात खात्याकडून थेट आलेले कागद: आधार, पॅन, लायसन, आरसी, मंडळाची गुणपत्रिका. त्यांना मूळ कागदाइतकाच मान आहे, २०१६ च्या नियमांनी तो दिलाय. दुसऱ्या कप्प्यात आपण स्वतः फोटो काढून चढवतो ते. तो नुसता फोटो. कुठलंही कार्यालय तो मूळ म्हणून मान्य करायला बांधील नाही. आणि मुळात उघडायलाच आधारशी जोडलेला मोबाईल लागतो, तोच तर जळालाय.

नदीकाठ, आता तुमच्यासाठी.

प्रतिज्ञापत्र लागेलच. कार्यालयाबाहेर बसलेले लोक तुम्हाला ५०० चा स्टॅम्प घ्यायला लावतील. जात, उत्पन्न, रहिवासी अशा दाखल्यांसाठी आणि सरकारी कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर करा. बँक आणि विम्यासाठी जो हमीचा बाँड द्यावा लागतो त्याला मात्र स्टॅम्प लागतो, तो वेगळा प्रकार. बाँडचा मजकूर वाचा, कोऱ्या जागा सोडून सही करू नका. आत्ता मन थाऱ्यावर नसताना लोक कशावरही सह्या करतात, हे मी रोज बघते.

घराच्या कागदांची सगळ्यात कमी काळजी करा. खरेदीखत नोंदणीकृत असेल तर त्याची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयात पुस्तकात लिहिलेली आहे. शोध अर्ज करायचा, आजोबांचं नाव, गाव आणि अंदाजे साल द्यायचं. इंडेक्सात (नोंदणीच्या सूचीत) दस्त क्रमांक सापडला की प्रमाणित नक्कल मिळते आणि ती कोर्टातही पुरावा म्हणून चालते. मिळकत पत्रिका किंवा सातबारा आता डिजिटल सहीसकट घरबसल्या निघतो. जळालं ते खरेदीखत, मालकी जळत नाही. हे आईंना मुद्दाम सांगा. माझ्याकडे आलेल्या एका आजींना वाटत होतं की कागद गेला म्हणजे घर दिराचं झालं.

नदीकाठ (१० जून, रात्री ११:१५)

वकीलताई, हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, परत एकदा वाच.

मांजरवाट (११ जून, सकाळी ९:००)

घाईत लिहिते. बहिणीच्या मार्कलिस्टसाठी: राज्य मंडळाची गुणपत्रिका ऑनलाइन पडताळता आणि उतरवता येते, तपासणीला ती आधी दाखवा. छापील दुबार प्रतीसाठी शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज. सातारा, सांगली, कोल्हापूर मिळून कोल्हापूर विभाग. बैठक क्रमांक शाळेत मिळेल. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी मुख्याध्यापकांना भेटा, जनरल रजिस्टरवरून दुबार प्रत देतात. पोलिस नोंद आणि प्रतिज्ञापत्र मागतील.

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून निघाला असेल, तिथल्या दप्तरात नोंद असते. वैधता ज्या समितीने दिली त्या समितीकडे मूळ प्रस्तावच आहे. तिथे स्वतः जा, पोस्टाने पाठवत बसू नका.

चाळकरी (११ जून, दुपारी १:२५)

विषयाला थोडं वेगळं वळण देतो, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. कांदिवलीच्या दामूनगर झोपडपट्टीला डिसेंबर २०१५ मध्ये आग लागली, एकामागून एक सिलिंडर फुटले आणि शेकडो झोपड्या गेल्या. त्यानंतर कागदपत्रांसाठी अर्ज लिहून द्यायला मी महिनाभर तिथे बसत होतो.

गावात घराच्या मालकीची नोंद कुठेतरी पुस्तकात असते. झोपडीची नसते. तिथल्या माणसाचं सगळं भवितव्य एका पिशवीत असतं: जुनं वीजबिल, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), मतदार यादीचं पान. झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घराला पात्र ठरायचं तर १ जानेवारी २००० पूर्वीपासून तिथे राहत असल्याचा पुरावा हवा. २०११ पर्यंतच्या झोपड्यांना घर मिळतं पण पैसे भरून. म्हणजे तेवढं जुनं वीजबिल जळालं की घरच जळालं, उभं राहण्याआधीच. एक बाई राखेत दोन दिवस फक्त ती प्लास्टिकची पिशवी शोधत होत्या. भांडी, कपडे कशालाही हात लावला नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो, कोणाला उपयोगी पडेल. वीज कंपनीकडून ग्राहक क्रमांकावरून जोडणी दिल्याची तारीख लेखी घेतली. निवडणूक कार्यालयातून जुन्या मतदार याद्यांच्या प्रमाणित प्रती काढल्या. पालिकेच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये मुलांच्या नावापुढे पत्ता असतो, तो उतारा घेतला. पालिकेच्या दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या नोंदीही काढल्या. माणूस कुठे राहिला याच्या खुणा सरकारच्याच चार दप्तरांत पडलेल्या असतात, पण त्या मागून आणाव्या लागतात. तुमच्या आसपास वस्तीत आग लागली तर जेवणाच्या पाकिटांबरोबर असे अर्ज लिहून देणारी चार माणसंही न्या.

टॉवरखाली (११ जून, दुपारी २:००)

दंडवत तुम्हाला.

रोखपाल (११ जून, सायंकाळी ६:३०)

नदीकाठ, घरात रोख रक्कम होती का? विचारतोय कारण बायका डाळीच्या डब्यात ठेवतात आणि जळालेल्या नोटा लाजेने कोणाला दाखवत नाहीत.

नदीकाठ (११ जून, रात्री ८:१०)

काका, तुम्ही विचारलंत आणि मी आईला विचारलं. ती गप्प बसली, मग पदराखालून स्टीलचा डबा काढला. मावशीकडे आल्यापासून उशाशी घेऊन झोपत होती म्हणे. आत पाचशेच्या नोटांची वडी झालीय. कडेने कोळसा, मध्ये तपकिरी. भिशीचे आणि अण्णांच्या पेन्शनमधून वाचवलेले, बहिणीच्या फीसाठीचे.

रोखपाल (११ जून, रात्री ८:४०)

डबा आहे तसा बंद ठेवा. नोटा सुट्या करायला जाऊ नका, सुरी घालू नका, उन्हात ठेवू नका. बँकेच्या शाखेत फाटक्या नोटा बदलतात, पण भाजून कोळसा झालेल्या किंवा एकमेकींना चिकटलेल्या नोटा शाखा घेत नाही. त्या थेट रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात (नोटा चलनात आणणाऱ्या कार्यालयात) द्यायच्या. महाराष्ट्रात मुंबई, बेलापूर आणि नागपूर. तिथे खास पद्धतीने तपासतात, प्रत्येक नोटेचा किती भाग शाबूत आणि ओळखण्याजोगा आहे त्यावर पूर्ण, निम्मी किंवा शून्य किंमत ठरते. पंचनाम्याची नक्कल, ओळखपत्र, बँक खात्याचा तपशील बरोबर न्या. डब्याभोवती कापूस भरा, एसटीच्या धक्क्याने वडी फुटली तर नुकसान तुमचं. मध्ये तपकिरी आहे म्हणता, म्हणजे आशा आहे. आईंना सांगा, यात लाजण्यासारखं काही नाही. पस्तीस वर्षांत मी असे कितीतरी डबे पाहिले.

सोनं वितळलं असेल तर राख चाळून घ्या, चाळल्याशिवाय एक घमेलंही बाहेर टाकू नका.

वाटसरू (१२ जून, सकाळी १०:१५)

विम्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून. घरकर्ज असेल तर बँकेने घराचा विमा उतरवलेला असू शकतो, कित्येकांना माहीतच नसतं, हप्त्याचा तपशील तपासा. विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत काही हलवू नका. आग गॅसमुळे लागली असेल तर तेल कंपन्यांनी सार्वजनिक दायित्व विमा काढून ठेवलेला असतो, ग्राहकाने वेगळा हप्ता भरायचा नसतो. मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख, उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत, नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेला २ लाखांपर्यंत. वितरकाला लगेच लेखी कळवावं लागतं, पुढचं कंपनी बघते. नदीकाठच्या घरी कारण विजेचं होतं, तिथे हा लागू नाही. पण हा धागा उद्या दुसरं कोणी वाचेल.

अबोली_ठाणे (१३ जून, सकाळी ८:००)

माझा पासपोर्ट अर्धा जळालाय (स्वयंपाकघरातली छोटी आग, देवाच्या दयेने तेवढ्यावर निभावलं). नवीन मिळेल का?

पायरीवरची (१३ जून, सकाळी ८:४५)

मिळेल. 'पुन्हा जारी' या प्रकारात अर्ज करा, कारणात खराब झाल्याचं नोंदवा. पोलिसांकडची नोंद आणि त्यांच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र लागेल. छत्तीस पानी पुस्तिकेला साध्या मार्गाने ३,००० रुपये आहेत. अर्धा उरलेला टाकू नका, सोबत न्या.

नदीकाठ (१९ जून, रात्री १०:३०)

दहा दिवसांनी लिहितेय. रजा वाढवून घेतली. काय झालं ते क्रमाने सांगते, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

अण्णांचं आधार बुबुळांवरून मिळालं. केंद्रावरच्या मुलीने त्यांच्या पट्ट्या बघून त्यांना रांगेतून पुढे घेतलं, स्वतः उठून हनुवटीला हात लावून चेहरा सरळ केला. त्या प्रिंटवर सिम मिळालं आणि टॉवरखाली दादांनी सांगितल्याप्रमाणे २४ तास एसएमएस आले नाहीत. आधी कळलं नसतं तर आम्हीही परत धावलो असतो. नंबर सुरू झाल्यावर गाठी भराभर सुटल्या. पॅन पुन्हा छापून घ्यायचा अर्ज ५० रुपयांत झाला. मतदान कार्डासाठी तिघांचे आठ नंबरचे फॉर्म भरले, तोवर मोबाईलवर उतरवून घेतलं. लायसन आणि आरसी डिजिलॉकरमध्ये दिसतंय (निळीशाई, तुमचंही बरोबर होतं).

आईचा प्रश्न वेगळाच निघाला. तिची बोटं उमटत नाहीत, भांडी घासून आणि शेतात राबून रेषाच झिजल्या आहेत. तिचंही डोळ्यांवरून झालं. एकूण माझ्या लक्षात आलं ते असं की आमच्या घरात तिच्या नावावर कागदच कमी होते. अण्णांचे अठरा, बहिणीचे नऊ आणि आईचे चार. आता ठेव नव्याने करताना दोघांची नावं घातली आहेत.

एका बँकेच्या शाखेत फार मनस्ताप झाला. 'एफआयआरच पाहिजे, अकस्मात जळीत आम्हाला माहीत नाही' म्हणून तीनदा परत पाठवलं. चौथ्या वेळी जुना सातबारा काकांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे मी शांतपणे म्हटलं, हेच लेखी द्या, अमुक कागदाशिवाय दुबार पावती देत नाही असं. दहा मिनिटांत अर्ज घेतला, पोचही दिली. पोच घेतल्याशिवाय कुठलाच अर्ज सोडत नाही आता.

डबा घेऊन मी आणि मावसभाऊ बेलापूरला जाऊन आलो. नोटा जमा करून घेतल्या, पावती मिळाली, निकाल यायचाय.

बहिणीचं: शाळेतल्या लिपिक मॅडमनी रजिस्टर उघडून तिचं नाव दाखवलं. पहिलीत घातलं तेव्हाची अण्णांची सही तिथे होती. ती बराच वेळ त्या सहीकडे बघत होती. जातीच्या दाखल्याची नोंद प्रांत कार्यालयात सापडली, नक्कल मिळाली. वैधतेची प्रत समितीकडे मागितली आहे. पंचनामा आणि मागणी अर्जाची पोच दाखवून प्रवेशाच्या तपासणी केंद्रात विचारलं, तेव्हा मुदत संपायच्या आत आणा म्हणाले.

तुळशीवृंदावन (२० जून, सकाळी ६:५०)

नदीकाठ, कागद होतील तुमचे. मी दुसरं सांगते. आमच्या घराला आग लागून आता सात वर्षं झाली. माझा मुलगा तेव्हा आठवीत होता. सगळं स्थिरस्थावर झाल्यावर, म्हणजे चार-पाच महिन्यांनी, तो रात्री उठून प्रत्येक खोलीतली बटणं बंद करत फिरायला लागला. आम्ही रागावलो, ही आमची चूक. नंतर मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. बहिणीकडे लक्ष ठेवा, प्रवेश झाला की सुटलो असं समजू नका. अण्णांकडेही. पुरुष माणूस बोलत नाही.

आणि फोटो. आमचा लग्नाचा अल्बम गेला त्याचं दुःख मला दागिन्यांपेक्षा जास्त होतं. मग नणंदेने सगळ्या नातेवाईकांना कळवलं की तुमच्याकडे आमचे जे फोटो असतील त्यांचे फोटो काढून पाठवा. दुसऱ्यांच्या अल्बममध्ये आम्ही कडेला उभे होतो, कोणाच्या मुंजीत वाढत होतो, कोणाच्या डोहाळजेवणात. असे एकशे दहा फोटो जमले.

जुना सातबारा (२० जून, सकाळी ७:३०)

मदतीच्या अर्जाचं काय झालं? तहसीलला जाऊन आवक क्रमांक घेतला का?

नदीकाठ (२० जून, रात्री ९:४५)

हो काका, क्रमांक घेतला. पुरवणी जबाबात 'पूर्णतः' शब्द आहे, मी स्वतः वाचून मग अण्णांना सही करू दिली. सही म्हणजे पट्टीतून पेन कसंबसं धरून.

तुळशीवृंदावन ताई, तुमचं वाचून मी दुपारीच मावशीच्या गटात निरोप टाकला. आत्तापर्यंत चौदा फोटो आलेत. एकात अण्णा एसटीच्या गणवेशात, खांद्याला तिकिटांची पेटी, कडेवर बहीण. दीड वर्षांची असेल. हा फोटो आमच्याकडे कधी नव्हताच, एका जुन्या सहकाऱ्याने काढला होता आणि त्यांच्याकडे राहिला होता. बहिणीने तो फोनच्या पडद्यावर लावलाय.

वैधतेची प्रत घ्यायला सोमवारी साताऱ्याला जाणार आहे. तिथून कोणाला वाटेत काही कामाला जायचं असेल तर सांगा, गाडीत दोन जागा आहेत.